जखऱ्याची पाटी

प्रश्न: मी वसईची, वय 41. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पंधरा दिवसांत नवऱ्याची नोकरी गेली. आमच्या घरी आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, रोज संध्याकाळी प्रार्थना आणि नाताळगीतं होतात, ती सासूबाईच सुरू करायच्या. यंदा घरात कोणी गात नाही. चर्चमध्ये ‘आनंद करा’ ऐकलं की राग येतो. नातेवाईक सांगतात, यातही देवाची काहीतरी योजना असेल. परवा माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने दारातला तारा उलटा टांगला. ते बघून सासूबाई खुदकन हसल्या, मलाही हसू फुटलं, आणि रात्री मला त्या हसण्याचीच लाज वाटली. अशा अचानक कोसळलेल्या गोष्टींत आनंद आणि आशा शोधायची म्हणजे नेमकं काय करायचं? की माझाच विश्वास कमी पडतोय?

उत्तर:

ताई, तो तारा सरळ करू नका. नाताळ होईपर्यंत तसाच उलटा राहू द्या. बाकीचं सगळं मी पुढे लिहिते, पण एवढं आजच करा.

मी 11 वर्षं परिचारिका होते. त्यानंतर गेली 23 वर्षं धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या, आजारी माणसांच्या घरी जाते, कधी कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) देणाऱ्या सिस्टरांबरोबर, कधी एकटी. म्हणजे जवळजवळ प्रत्येक आगमनकाळ मी ज्या घरात कोणीतरी खाटेवर आहे अशाच घरांत घालवला आहे. तुम्ही जे विचारलंत ते मला अनेक सुनांनी, लेकींनी विचारलंय, बहुतेक वेळा स्वयंपाकघरात, पाठमोऱ्या उभ्या राहून.

आधी तुमच्या नातेवाइकांच्या वाक्याबद्दल. ते वाईट मनाने बोलत नाहीत. पण आजाऱ्याच्या खाटेशी उभं राहून ‘यात देवाची योजना असेल’ हे वाक्य मी आजवर उच्चारलेलं नाही, आणि उच्चारणारही नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेल्याची गोष्ट येते. ती माणसं जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का, असं येशू विचारतो आणि स्वतःच सांगतो, नाही. बुरूज का पडला याचा हिशेब तो मांडत नाही. मग मेंदूतली रक्तवाहिनी का बंद झाली याचा हिशेब तुमच्या आत्याबाईंनी मांडायचं कारण नाही. झटका ही देणगी नाही. नोकरी जाणं ही देणगी नाही. त्यांना आनंद म्हणायची सक्ती तुमच्यावर कोणीही केलेली नाही, बायबलने तर नाहीच.

आता ‘आनंद करा’ या शब्दांकडे येते, कारण तुमचा राग त्यांच्यावर आहे. आगमनकाळातल्या तिसऱ्या रविवारी फादर जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालतात. त्या दिवसाचं प्रवेशगीत संत पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातून घेतलं आहे: प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. हे पत्र पौलाने कैदेत असताना लिहिलं. सुटका होईल की मृत्यू येईल हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो ते मोकळेपणाने लिहितो. ज्यांना लिहिलं त्या फिलिप्पैमध्येही तो आधी एकदा तुरुंगात पडलेला होता. म्हणजे हे शब्द सुखवस्तू माणसाने दुःखी माणसाला केलेला उपदेश नाहीत. बेड्या घातलेला माणूस आपल्या माणसांना ते लिहितो आहे. वेदीवरून ते वाचताना हा संदर्भ कोणी सांगत नाही, म्हणून ते आपल्याला टोचतात.

त्याच रविवारी, तीन वर्षांच्या वाचनचक्रातल्या ‘अ’ वर्षाला, शुभवर्तमान वाचतात ते मत्तय 11. योहान बाप्तिस्ता हेरोदाच्या तुरुंगात आहे. ज्याने यार्देन नदीत उभं राहून सगळ्यांना सांगितलं, तो येतो आहे, तोच आता निरोप धाडून विचारतो: येणारे ते तुम्हीच, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहावी? आनंदाच्या रविवारी चर्चने आपल्यापुढे ठेवलेला माणूस हा असा आहे. शंका घेणारा, अंधारात बसलेला. येशू त्याला रागवत नाही. उलट लोकांपुढे त्याची थोरवी सांगतो. ताई, तुमचा विश्वास कमी पडतोय का, या प्रश्नाचं उत्तर मी इथेच देते. योहानाचा पडला असेल तर तुमचाही पडला असेल, त्याहून जास्त नाही.

येशूने जे उत्तर धाडलं ते मात्र नीट बघा. तो म्हणतो, तुम्ही जे ऐकता आणि पाहता ते जाऊन योहानाला सांगा. आंधळे पाहतात, लंगडे चालतात, बहिरे ऐकतात. योहान सुटेल, असं त्यात कुठेही नाही. आणि तो सुटलाही नाही. त्याला मिळाल्या त्या एवढ्याच: बाहेर घडणाऱ्या, डोळ्यांनी दिसणाऱ्या, कानांनी ऐकू येणाऱ्या गोष्टी.

तुम्ही विचारलंत, आनंद शोधायचा म्हणजे नेमकं काय करायचं. माझं उत्तर हेच आहे. आलेल्या संकटात आनंद शोधायचा नाही. संकट आलेल्या घरात, आपण न बोलावता, आज काय आलं, ते पाहायचं आणि कोणाला तरी सांगायचं. तुमच्या घरी परवा उलटा तारा आला.

माझ्या पाहण्यातली एक गोष्ट सांगते. घराची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. साल 2011. केळीच्या वाडीतलं घर, आत जायला विहिरीवरून पायवाट. आजी आयुष्यभर पहाटेच्या गाडीने दादरला फुलं नेणाऱ्या. त्यांना तुमच्या सासूबाईंसारखाच झटका आलेला, उजवी बाजू आणि वाचा. तोंडातून एकच शब्द यायचा, ‘नाय’. पाणी हवं तरी ‘नाय’, नको तरी ‘नाय’. सून दिवसभर त्या एका शब्दाचे अर्थ लावत बसायची आणि बहुतेक चुकायची. मग दोघी रडायच्या.

16 डिसेंबरच्या रात्री गाणी म्हणणारी मुलं वाडीत फिरत होती. त्या घरी जायचं नाही असं मोठ्यांनी त्यांना बजावलं होतं, आजींना त्रास नको म्हणून. त्या दिवशी मागच्या पडवीतला दिवा चुकून राहिला होता. मुलांना वाटलं दुसरंच घर. आली, आणि पडवीतच गिटार काढून सुरू झाली. मी आत आजींचं पाठीचं ड्रेसिंग बदलत होते. सून कालवणाची पळी हातात घेऊन बाहेर धावली, मुलांना थांबवायला.

गाणं जुनंच होतं, आमच्याकडे सगळ्यांना येतं ते. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्याला माझ्या हाताखालची पाठ हलली. मला वाटलं दुखलं. वाकून बघते तर आजी गात होत्या. सूर नव्हता, जीभ जड होती, पण शब्द शब्द होते. दुसऱ्या कडव्याची अख्खी ओळ, मग तिसरी. सून दारात उभी. पळीतून कालवण टपटप जमिनीवर पडत होतं आणि तिला पत्ता नव्हता. मुलांना आत काय चाललंय ते कळलंच नाही. ती आपली गाऊन, कलकल (नाताळचा गोड फराळ) खाऊन निघून गेली.

गाणं संपलं तशी मी आजींना विचारलं, पाणी देऊ? त्या म्हणाल्या, ‘नाय’.

परिचारिका म्हणून सांगते, हा चमत्कार नव्हता आणि मी त्याला कधी चमत्कार म्हटलं नाही. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की बोलणं जातं, त्याला वाचाघात म्हणतात. पण पाठ असलेली गाणी, प्रार्थना, मोजणी पुष्कळदा शिल्लक राहते, कारण गाण्याचं काम मेंदू एकट्या त्या भागावर सोपवत नाही. वाचोपचार करणारे तज्ज्ञ याचा उपयोगही करतात. मला ते पुस्तकातून माहीत होतं. डोळ्यांनी पहिल्यांदा त्या रात्री पाहिलं. सुनेला तर काहीच माहीत नव्हतं. मी निघाले तेव्हा ती विहिरीपर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, “बाई, आई आत आहेत.”

एवढंच म्हणाली. दीड महिना ती ज्या शरीराचं करत होती, त्यात आपली सासू उरली आहे की नाही, हेच तिला कळत नव्हतं. त्या रात्रीपासून कळलं. आजींची वाचा परत आली नाही. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. पण त्या मधल्या महिन्यांत सून त्यांच्याशी बोलायची पूर्वीसारखं, बाजारभाव सांगायची, शेजारणीची तक्रार करायची. वाडीतल्या दोन मुली नाताळपर्यंत रोज संध्याकाळी येऊन एकेक गाणं म्हणून जायच्या, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी ज्याला आशा म्हणते ती ही. आजी बऱ्या होतील ही आशा त्या घरात नव्हती. आजी आत आहेत, ही होती.

तुमच्या सासूबाई ताऱ्याकडे बघून हसल्या. तारा उलटा आहे हे त्यांना कळलं, तो कसा असायला हवा हे आठवलं, आणि नातवाने केलेली गंमत पोचली. ताई, त्या आत आहेत. तुम्हाला त्या हसण्याची लाज वाटली, मला तर ते वाचून तुमच्या घरी यावंसं वाटलं.

आता जखऱ्याबद्दल. 17 डिसेंबरपासून रोजच्या मिस्सातली (चर्चमधल्या मुख्य उपासनेतली) वाचनं बदलतात. 17 तारखेला मत्तयातली वंशावळ, 18 ला योसेफाचं स्वप्न, 19 ला जखऱ्या, मग मरियेला आलेला निरोप, तिची अलीशिबेकडे भेट, आणि 23 ला योहानाचा जन्म. तुम्ही ही वाचनं एकामागोमाग काढून बसा. एकाच्याही आयुष्यात ठरवलेलं काही घडत नाही. योसेफाने ठरवलेलं लग्न मोडायला निघतं. वंशावळीत तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको अशा चार स्त्रिया येतात, आणि चौघींपैकी कोणीही नेहमीच्या वाटेने तिथे आलेली नाही. (राहाबच्या खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीसाठी हिब्रूत ‘तिक्वा’ असा शब्द आहे, आणि आशेलाही हाच शब्द. विहिरीच्या दोराशी वाढलेल्या मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.)

पण तुमच्या घराशी सगळ्यात जवळचा जखऱ्या आहे. योहान बाप्तिस्ताचा बाप, म्हातारा याजक, धूप जाळायला मंदिरात जातो, बाहेर लोक वाट बघत खोळंबतात, आणि तो बाहेर येतो तो मुका होऊन, हातवारे करत. एक सावधगिरी इथेच सांगते. शुभवर्तमानात त्याचं मुकेपण त्याच्या अविश्वासाशी जोडलेलं आहे. ते उचलून सासूबाईंना लावू नका, कोणी लावलं तर तिथेच थांबवा. शिलोहाचा बुरूज आठवा. मी या गोष्टीकडे जाते ती वेगळ्या कारणाने. पुढचे सगळे महिने ते घर कसं चाललं असेल ते बघायला.

घरचा कर्ता पुरुष बोलत नाही. बायको अलीशिबा उतारवयात गरोदर, पाच महिने एकांतात राहते. आणि एक दिवस, न कळवता, डोंगराळ प्रदेशातल्या या घरी घाईघाईने एक तरुण नातलग मुलगी, मरिया, दारात येऊन उभी राहते आणि सुमारे तीन महिने राहते. तिच्या हाकेसरशी अलीशिबेच्या पोटातलं बाळ उसळी मारतं. मरियेचं स्तोत्र, जे आपण आजही म्हणतो, ते याच घरात म्हटलं गेलं. जखऱ्या तेव्हा कुठे होता, लूक सांगत नाही. पण घर त्याचं होतं. ज्या घरातला माणूस एक शब्द बोलू शकत नव्हता त्याच घरात जगातलं एक मोठं आनंदगीत झालं. त्या घरी गाणं सुरू करणारी पाहुणी होती, घरातली नव्हती.

म्हणून तुम्हाला विचारते: यंदा गाणं सासूबाईंनीच सुरू करायला हवं, नाहीतर तुम्ही, असं का? शेजारच्या मुलींना सांगा. मुलाच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या चार जणांना बोलवा. तुम्ही गायलंच पाहिजे असं नाही. दार उघडं ठेवलंत तरी पुरे.

माझ्यावर ज्याचा सगळ्यात जास्त परिणाम झाला असा आगमनकाळ मात्र बर्लिनमधल्या एका तुरुंगातला आहे. एका ध्यानसाधनेत मी तो पहिल्यांदा ऐकला. आल्फ्रेड डेल्प हे जर्मन येशूसंघी (जेझुइट) धर्मगुरू. हिटलरच्या विरोधात असलेल्या क्रायझाऊ गटाशी त्यांचा संबंध, म्हणून 28 जुलै 1944 रोजी म्युनिकमध्ये त्यांना पकडलं. येशूसंघात अंतिम व्रत घ्यायला फार वर्षं थांबावं लागतं. त्यांचा दिवस ऑगस्टमध्ये ठरलेला होता, तो अटकेमुळे गेला. डिसेंबरमध्ये ते टेगेलच्या तुरुंगात होते, हातात बेड्या. तशाच हातांनी त्यांनी चिटोऱ्यांवर आगमनकाळावरचं चिंतन लिहिलं, आणि धुवायच्या कपड्यांतून ते बाहेर पोचवलं गेलं. 8 डिसेंबरला, निष्कलंक मातेच्या सणाच्या दिवशी, एक येशूसंघी सहकारी त्यांना भेटायला आला, आणि त्या भेटीत डेल्पनी आपलं अंतिम व्रत घेतलं. मोठी मिस्सा नाही, वाद्यं नाहीत, घरचं कोणी नाही. जो दिवस कायमचा गेला असं वाटलं होतं, तो तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत चालत आला.

पुढे त्यांना फाशीची शिक्षा झाली आणि 2 फेब्रुवारी 1945 ला ती अंमलात आली. हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टी सांगताना लोक शेवट गाळतात. 8 डिसेंबरचा आनंद 2 फेब्रुवारीला थांबवू शकला नाही. तरी तो आनंद खोटा नव्हता. तुम्हाला रात्री वाटलेली लाज इथूनच येते असं मला वाटतं: सासूबाई बऱ्या झालेल्या नाहीत, नोकरी मिळालेली नाही, मग मी हसले कशी? आनंदाला आधी सगळं मिटायला हवं, ही अट आपणच घालतो. डेल्पनी घातली नाही.

आता रोजचं. मी घरोघरी एकच गोष्ट सुचवते, ती इग्नेशियस लोयोलांच्या परंपरेतून आली आहे. 1521 मध्ये पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. महिनोन्‌महिने खाटेवर. वाचायला शूरवीरांच्या कथा मागितल्या, घरात निघालं ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं. पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात आलं की मनोराज्यं दोन्ही गोड लागतात, पण एक ओसरल्यावर मन कोरडं राहतं आणि दुसरं ओसरल्यावरही काही उरतं. दिवसाच्या शेवटी मागे वळून काय उरलं ते पाहायची सवय त्यांनी पुढे सगळ्यांना लावली. तुम्हीही झोपण्याआधी पाच-दहा मिनिटं बसा. आज मी न बोलावता काय आलं, आणि त्यातलं काय आत्ता या क्षणीही माझ्याजवळ आहे? एक ओळ वहीत लिहा. काही नसेल तर ‘आज काही नाही’ असं लिहा. खोटं लिहू नका. माझ्या वहीत ‘आज काही नाही’ची पानं भरपूर आहेत. माझी आई डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेली, त्या वर्षी तर सलग नऊ दिवस. दहाव्या दिवशी लिहिलं आहे: ‘पहाटे सहाला समोरच्या वहिनी पेज घेऊन आल्या. गरम होती.’ त्या आमच्या धर्माच्या नाहीत, आगमनकाळ वगैरे त्यांना ठाऊक नाही. त्या पेजेची चव मला अजून सांगता येईल.

ही ओळ नवऱ्यालाही लिहायला सांगा, वेगळ्या वहीत. नोकरी गेलेला माणूस घरात फार एकटा पडतो. आणि मदत आली तर नाही म्हणू नका. अनेक धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसं गाजावाजा न करता किराणा, औषधं, फी बघतात. घेताना मान खाली घालायचं कारण नाही.

नाताळची तयारी कमी करा. पाच किलोंच्या कलकल आणि करंज्या यंदा नकोत. चर्च स्वतः या दिवसांत कमी करतं: मिस्सात ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाही, वेदीवर फुलं बेताने. तुमचं घर यंदा साधं दिसलं तर ते आगमनकाळाशी विसंगत नाही. पण मुलाला घेऊन एक किलोचं पीठ मळा आणि कलकल वळायला नवी फणी सासूबाईंच्या डाव्या हाताखाली धरा. दहातले नऊ बिघडतील. गोठ्यातलं गवत करायला करवंटीत नाचणी पेरता ना? ती करवंटी यंदा त्यांच्या खाटेजवळ, त्यांना दिसेल अशा उंचीवर ठेवा. पाणी घालायचं काम त्यांचं.

त्यांच्याशी बोलताना वाक्यं छोटी ठेवा. टीव्ही बंद करून, समोर बसून बोला. ‘हो की नाही’ असं उत्तर देता येईल असं विचारा आणि उत्तराला वेळ द्या. शब्द अडला की लगेच तुम्ही तो पुरवू नका. आणि वाचोपचार लांबवू नका. झटक्यानंतरचे पहिले काही महिने फार महत्त्वाचे असतात. पैशांमुळे थांबला असाल तर सरकारी रुग्णालयात चौकशी करा. गाण्याचं सांगितलं म्हणून त्या गातीलच असं मी म्हणत नाही. काहींना येतं, काहींना नाही. एकदा लावून बघा, नाही आलं तर त्यांच्यासमोर चेहरा पाडू नका.

स्वतःकडेही बघा. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण जात नाही, कशातच जीव लागत नाही, नकोसं वाटतं, असं असेल तर ते प्रार्थनेने दाबायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर आहे, फोनला पैसे पडत नाहीत. फादरांशी बोला आणि डॉक्टरांशीही बोला, दोन्ही.

शेवटचं एक. 23 डिसेंबरच्या संध्याकाळी लूकचा पहिला अध्याय काढा, 57 ते 66 या ओव्या, आणि मुलाला सासूबाईंच्या खाटेशी बसून मोठ्याने वाचायला सांगा. शेजारपाजारचे बाळाला बापाचंच नाव द्यायला निघतात, आई नाही म्हणते, मग बापाला खुणेने विचारतात. तो पाटी मागतो आणि लिहितो, याचं नाव योहान आहे. मग त्याचं तोंड उघडतं. पण लिहिलं आधी.

त्या वेळी सासूबाईंच्या डाव्या हाताशी एक पाटी ठेवा. वाचाघातात लिहिणंही बऱ्याचदा जातं, तेव्हा अक्षरांची वाट बघू नका. रेघ आली, फुली आली, नुसताच ठिपका आला, तरी नातवाला तो वाचू द्या, त्याला येईल. पाटी मोठी आणि जड नको, मुलाची पहिलीतली असेल तर तीच काढा. पेन्सिल बारीक असते, हातातून निसटते. तिच्याभोवती जुन्या सुती साडीची पट्टी चार-पाच वेढे घट्ट गुंडाळा आणि दोऱ्याने बांधा, म्हणजे पकड बसेल. खाली उशी द्या, कोपराला आधार लागतो.